तेहतीस सेंटिमीटर

साखरेचा आजार निघाला म्हणून मी गोल्फ खेळू लागलो. मी वजनमापे खात्यात निरीक्षक; माझ्यासारख्यानं असं सांगितलं तर लोक हसतात, म्हणून कचेरीत मी हे बरेच दिवस कुणाला बोललो नाही. १९७० साल होतं आणि मला चव्वेचाळिसावं लागलं होतं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी लष्करातून निवृत्त झालेले एक डॉक्टर राहत. चौसष्ट वर्षांचे, विधुर, मुलगा नागपूरला. त्यांनी मला तपासलं आणि रोज सहा किलोमीटर चालायला सांगितलं. मी पंधरा दिवस चाललो आणि सोडून दिलं. त्यांनी कारण विचारलं तेव्हा खरं ते सांगितलं : नुसतं चालायचा कंटाळा येतो.

"म्हणजे चालायला तुम्हाला काम पाहिजे," डॉक्टर म्हणाले. "उद्या सकाळी सहाला छावणीच्या मैदानावर या इन्स्पेक्टर. काम देतो."

काम म्हणजे एक पांढरा चेंडू. मी तो नंतर कचेरीच्या काट्यावर तोलला, शेहेचाळीस ग्रॅमला किंचित कमी भरला. एवढीशी वस्तू काठीनं मारत मारत नऊ भोकांत घालायची. नऊ भोकांची एक फेरी चालून सव्वातीन किलोमीटर होते, दोन फेऱ्या केल्या की डॉक्टरांचा हिशोब पुरा. मैदान लष्कराचं होतं. गावातल्या चार-सहा जणांना तिथं खेळू देत, त्यात डॉक्टरांच्या शब्दावर माझी भर पडली. डॉक्टरांनी त्यांच्या जुन्या पिशवीतल्या तीन काठ्या मला दिल्या. दोन लोखंडी तोंडाच्या, लांब मारायला, आणि एक पटर, म्हणजे चेंडू भोकाकडे नुसता ढकलायची आखूड काठी.

पहिल्या दिवशी मी चाळीस वेळा काठी फिरवली. नऊ वेळा ती चेंडूला लागली. त्यातले चार चेंडू पुढं गेले.

डॉक्टर शिकवायचे चांगले. पाय खांद्याइतके फाकवा, डावा हात कोपरात वाकवू नका, डोकं हलवू नका, चेंडू गेल्यावरसुद्धा तो होता त्या जागेकडे बघत राहा. उजव्या काखेत एक टॉवेल धरायला लावायचे. काठी मागं नेताना टॉवेल पडला तर हात अंगापासून सुटला असं समजायचं. मी घरी येऊन हे सगळं मोजून वहीत लिहिलं. दोन पायांतलं अंतर बेचाळीस सेंटिमीटर. चेंडू डाव्या टाचेपासून आठ सेंटिमीटर आत. रोज सकाळी पट्टी टाकून उभा राहू लागलो. तीन महिन्यांनंतर माझी आकृती अगदी बरोबर होती, आणि शंभरातले एकोणीस चेंडू सरळ जात होते.

मैदानाची देखभाल करायला एक चाचा होते. भिंगारचे राहणारे, पन्नाशीचे. गेली बावीस वर्षं ते इथंच होते आणि खेळणाऱ्यांपेक्षा खेळ त्यांना जास्त कळत होता. एक दिवस ते माझ्याजवळ येऊन उकिडवे बसले.

"सायेब, राग नका मानू. तुमी चेंडूला मारत न्हाई, मापता."

"मग काय करू?"

"इळा चालवताना कुनी मापतं का? लई मापलं की हाताचं लाकूड हुतं."

त्यांनी एक रिकामं पोतं पाण्यात बुचकळून माझ्या हातात दिलं. ओल्या पोत्याचं तोंड दोन्ही हातांनी धरायचं, मागं झोकायचं आणि पुढं सोडायचं. पोत्याला हिसका चालत नाही. घाई केली तर ते पायात येतं, थांबलो तर लोंबतं. त्याचा त्याला झोका पुरा करू द्यावा लागतो, आणि तो पुरा होईपर्यंत अंगाला वाट पाहावी लागते. रोज वीस वेळा पोतं, मग काठी. मी वही बंद केली नाही, पण पाय मोजणं सोडलं. दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत शंभरातले अडुसष्ट चेंडू सरळ जाऊ लागले, एकशेतीस पावलांपर्यंत. माझी साखरही उतरली. चाचा म्हणाले, "आता पोतं घरी न्या. वहिनींना दळनाला उपेगी पडंल."

इतकं सगळं बरं चाललं होतं. मग पट, म्हणजे पटरनं मारायचा जवळचा फटका, बिघडला.

जिथं पाणी मुबलक आहे तिथं भोकाभोवती मऊ हिरवळ असते म्हणतात. आमच्याकडे गवतच टिकत नाही, तर हिरवळ कुठली. आमच्याकडे भोकाभोवती बारीक वाळूचं गोल अंगण असायचं. वाळू उडू नये म्हणून तिच्यात गाड्यांचं जळकं तेल कालवून ती चोपून बसवलेली. रंगामुळं त्याला सगळे ब्राऊन म्हणत. भोकात एक पत्र्याचा डबा पुरलेला असे. ब्राऊनवर चालल्यानं पावलं उमटतात, म्हणून पट मारण्याआधी चाचा दांडीला बांधलेलं पोतं भोकापासून चेंडूपर्यंत ओढत आणत आणि एक गुळगुळीत वाट करून देत. एका माणसाला एकदाच वाट. चेंडू डब्यात पडला की टण्ण आवाज होई. तो आवाज मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जायचा.

सुरुवातीला पट हाच माझा हुकमी भाग होता. मीटरभर अंतरावरून मी दहातले नऊ चेंडू घालायचो. कचेरीच्या कामानं हात स्थिर झालेला. सोनईच्या नाहीतर नेवाशाच्या पेठेत सराफाचा काटा तपासताना चिमट्यानं मिलिग्रॅमचं वजन पारड्यात ठेवायचं असतं, श्वाससुद्धा बेतानं घ्यावा लागतो. असा हात दोन पावलांवरच्या भोकाला काय घाबरणार?

१९७२च्या मे महिन्यात एका सकाळी अर्ध्या मीटरवरचा चेंडू मारताना माझ्या उजव्या मनगटाला एक हिसका बसला. मी दिला नाही, बसला. चेंडू भोकाच्या उजवीकडून मीटरभर पुढं गेला. मी हसलो, डॉक्टरही हसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आठवडाभरानं मी वहीत लिहिलं : अर्ध्या मीटरवरून दहात चार. लांबून मारताना काही नाही. अंतर जितकं कमी तितका हिसका मोठा. उलटं असतं तर मला कळलं असतं.

डॉक्टरांनी माझं मनगट तपासलं. बोटं मिटायला लावली, डोळे मिटून नाकाला बोट लावायला लावलं, गुडघ्यावर हातोडी मारली.

"शिरा ठीक आहेत."

"मग हे काय आहे?"

"खेळात होतं असं. चांगल्या चांगल्यांना होतं."

"औषध?"

"माझ्या माहितीत नाही," डॉक्टर म्हणाले. दोन वर्षांत त्यांच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं.

तरी त्यांनी उपाय सांगितले. डावा हात खाली धरून बघा. मारताना चेंडूकडे न बघता भोकाकडे बघा. श्वास सोडत मारा. चाचा म्हणाले, "मी बिस्मिल्ला म्हनतो, तुमी तुमच्या देवाचं नाव घ्या न सोडून द्या." मी सगळं केलं, प्रत्येकाला पंधरा पंधरा दिवस दिले, कारण एकदम दोन उपाय केले तर कशानं काय झालं ते कळत नाही. कशानंच काही झालं नाही.

मग मी घरामागं मोरीशेजारी एक ब्राऊन केलं. तीन मीटर लांब, एक मीटर रुंद. वाळू चाळून घेतली, ओळखीच्या गॅरेजमधून जळक्या तेलाचा डबा आणला, भोकात डालड्याचा रिकामा डबा पुरला. त्या वर्षी पाऊस झालाच नव्हता. नळाला दिवसाआड पाणी, दुकानात गोडंतेल मिळालं तर मिळालं. बायको दारात उभी राहून बघत होती.

"अहो, घरात फोडणीला तेल मी थेंबानं टाकते, आणि तुम्ही अंगणात डबाभर ओतताय."

"हे जळकं आहे. खाण्याचं नाही."

"धोतरं कुठल्या पाण्यानं धुवायची तेवढं सांगा."

रोज सकाळी मी तिथं शंभर पट मारायचो. घरी शंभरातले ब्याण्णव, पंच्याण्णव, एकदा सत्त्याण्णव गेले. मैदानावर गेलो की दहात चार, दहात तीन. वाळू तीच, तेल तेच, अंतर मोजलेलं, काठी तीच, माणूस तोच. मी दोन्हीकडचे आकडे शेजारी शेजारी लिहीत होतो आणि त्यातून काहीच निघत नव्हतं. एकदा बायको बादली घेऊन मोरीकडे चालली होती. चेंडू वाटेत आला. तिनं बादली खाली न ठेवता पायानं तो सरळ डब्यात लोटला. टण्ण.

"हेच करायला पहाटे उठता ना?" म्हणाली आणि गेली.

या सगळ्याचं मला एवढं लागण्याचं कारण डॉक्टर होते.

त्यांना काचबिंदू होता. मला त्यांनी ते बहात्तरच्या दिवाळीत सांगितलं, तोपर्यंत मी समजत होतो की ते चेंडूची दिशा मला सरावासाठी विचारतात. नळीतून बघितल्यासारखं दिसतं, म्हणाले, आणि नळी दर महिन्याला बारीक होते. पायाशी असलेला चेंडू उजेडात दिसत होता, पुढचं काही नाही. लांबचा फटका ते सवयीनं मारत, कारण अकरा वर्षांत मैदानाचा प्रत्येक चढउतार त्यांच्या पायांना पाठ झाला होता. पटासाठी आम्ही एक युक्ती केली. मी भोकाशी उभा राहून माझ्या पटरनं डब्याचा काठ वाजवायचा. ते आवाज ऐकत, मान जराशी तिरकी करत आणि मारत. सात-आठ मीटरवरून त्यांचा चेंडू माझ्या पायाशी येऊन थांबायचा. मला डोळे असून जे जमत नव्हतं ते.

दरवर्षी फेब्रुवारीत जोडीचा सामना असे. दोघांत एकच चेंडू, एकानं मारायचा, मग दुसऱ्यानं, असं आळीपाळीनं. नऊ भोकांत ज्यांचे फटके कमी ती जोडी पुढच्या फेरीत जाई, आणि शेवटची फेरी जिंकणाऱ्यांची नावं मैदानावरच्या खोलीतल्या लाकडी फळीवर रंगवत. त्या फेरीत बरोबरी झाली तर दोन्ही जोड्यांची नावं लागत. डॉक्टर दोनदा शेवटच्या फेरीत हरले होते. मार्चमध्ये मुलगा त्यांना कायमचं नागपूरला नेणार होता.

"चौदा छावण्यांत राहिलो," त्यांनी मला सांगितलं. "कुठं एका भिंतीवर नाव नाही. दवाखान्याच्या फळीवर असतं ते बदली झाली की पुसतात. इथलं पुसत नाहीत. एवढंच पाहिजे मला, दुसरं काही नाही."

मी त्यांना हात जोडून म्हणालो की दुसरा जोडीदार घ्या. मी छोटे पट चुकवतो. माझ्याकडे नऊ महिन्यांचे आकडे आहेत, दाखवू का?

"आकडे नकोत. मला भोक दिसत नाही, तुम्हाला भोकाशिवाय काही दिसत नाही. दोघांचा मिळून एक माणूस होतो का बघू."

"डॉक्टरसाहेब, गंमत नाही."

"मी पण गंमत करत नाही. दुसरा कुणी माझ्यासाठी डबा वाजवील का?"

दुसऱ्या दिवशी मी आम्हा दोघांची नावं नोंदवून आलो.

त्या वर्षी मैदानावर एक नियम बदलला होता, आणि तो माझ्यामुळं बदलला होता. अगदी जवळचा चेंडू मारून दाखवायची गरज नाही, तो गेला असं धरायचं, अशी सगळीकडे रीत असते. जवळचा म्हणजे किती? आमच्या मैदानावर पटरच्या मुठीचं चामडं हे माप होतं. खेळणाऱ्यानं पटर आडवा ठेवायचा, मुठीचं चामडं भोकापासून चेंडूपर्यंत पुरलं तर "दिला". आता प्रत्येकाची मूठ वेगळी. मी सहज मोजल्या तर अठ्ठावीस सेंटिमीटरपासून छत्तीसपर्यंत निघाल्या. सगळ्यांत लांब डॉक्टरांची, तो पटर जुन्या बनावटीचा होता. त्यात एका अधिकाऱ्यानं सायकलच्या हँडलची पट्टी गुंडाळून आपली मूठ चांगली वीतभर वाढवून घेतली. त्यावरून भांडण झालं. पंच म्हणून बसलेल्या कर्नलांनी मला विचारलं, तुमचा धंदा काय? मी सांगितलं. ते म्हणाले, मग तोडगा काढा.

मी सागवानाची तीस सेंटिमीटरची पट्टी करून घेतली, दोन्ही टोकांना पितळी टोप्या घातल्या आणि कचेरीच्या प्रमाण मापाशी ताडून पाहिली. सरकारी शिक्का मारला नाही, कारण ते व्यापाराचं माप नव्हतं. सगळ्यांना एकच माप. डॉक्टर तेव्हा मोठ्यानं हसले होते. "इन्स्पेक्टर, इथंही दुकान तपासलंत." चाचा मात्र पट्टी हातात घेऊन उलटसुलट बघत म्हणाले होते, "चांगली हाय. पन सायेब, रीत अशी कापून नसते घालायची."

आम्ही दोन फेऱ्या जिंकलो. कसे, ते मला नीट सांगता येणार नाही. डॉक्टरांचे लांबचे पट इतके जवळ येत की पट्टीत बसत, आणि माझ्या वाट्याला छोटे पट कमी आले. शेवटच्या फेरीत समोर एक मेजर आणि साताऱ्याकडचा एक तरुण कॅप्टन होता. दुपारी साडेचारला सुरू केलं. आठ भोकांत मला पाच छोटे पट मारावे लागले. तीन गेले, दोन चुकले. प्रत्येक चुकीनंतर मी डॉक्टरांना "माफ करा" म्हणायचो आणि ते "चला" म्हणायचे.

नवव्या भोकाशी पोचलो तेव्हा ऊन खाली गेलं होतं. आमचे त्रेचाळीस फटके झाले होते. डॉक्टरांनी पहिला फटका मारला, सरळ, अर्ध्या वाटेवर. दुसरा माझा. ओल्या पोत्याची आठवण ठेवून मी काठी सोडली आणि चेंडू मुरुमावर दोन टप्पे खाऊन ब्राऊनच्या काठावर चढला. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यांत चांगला फटका असावा. तिकडं मेजर आणि कॅप्टननं त्यांचा चेंडू घातला, त्यांचे सत्तेचाळीस झाले.

आमचे पंचेचाळीस. भोक सात मीटरवर. चाचांनी पोतं ओढत वाट करून दिली. मी डब्याशी उभा राहिलो आणि काठ वाजवला. टण्, टण्. डॉक्टरांनी मान तिरकी केली, आणखी एकदा वाजवा अशी खूण केली. मी वाजवला. त्यांनी मारलं. चेंडू वाटेवरून सरळ आला, हळू झाला, भोकाच्या जरा अलीकडे थांबला. शेहेचाळीस. आता एक गेला की बरोबरी, आणि बरोबरी म्हणजे फळी.

"दिला, सर," कॅप्टन लगेच म्हणाला. "एवढ्याशासाठी काय. दिला."

चाचा पट्टी घेऊन पुढं आले आणि माझ्या हातात न देता भोकाशी नुसते उभे राहिले. मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"जुन्या रीतीनं दिला असता, सायेब," ते हळूच म्हणाले. "डाक्टरसायबांची मूठ पुरली असती."

पुरली असती. छत्तीस होती ती. मला न मोजता दिसत होतं. वीस वर्षं मी माप बघत आलो आहे, दोन-चार सेंटिमीटरचा फरक माझ्या नजरेतून जात नाही. कॅप्टनची माया खोटी नव्हती. मेजर दुसरीकडे बघत होता, म्हणजे त्याचीही हरकत नव्हती. मी फक्त गप्प राहायचं होतं.

"इन्स्पेक्टर," डॉक्टर लांबूनच म्हणाले, "बसतो का पट्टीत?"

मी चाचांच्या हातातून पट्टी घेतली आणि लावली.

"नाही."

"किती बाहेर?"

"तेहतीस आहे. तीन सेंटिमीटर बाहेर."

"सर, राहू द्या ना," कॅप्टन म्हणाला. "आम्ही देतोय."

"द्यायचं तर मापानं द्यायचं ठरलंय," डॉक्टर म्हणाले. "मारा इन्स्पेक्टर."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. मी आजही तो आवाज आठवून बघतो. त्यांनी विचारलं नसतं तर मी गप्प राहिलो असतो का? मला वाटतं नसतो राहिलो. पण त्यांनी विचारलं, त्यामुळं हे मला कधीच नक्की कळणार नाही.

मी उभा राहिलो. डावा हात खाली घेतला. मग तो उपाय चालला नव्हता हे आठवून पुन्हा वर घेतला. श्वास सोडला. तेहतीस सेंटिमीटर म्हणजे माझ्या तळपायाच्या लांबीपेक्षा थोडं जास्त. घरी मोरीशेजारी मी हा चेंडू डोळे मिटून घातला असता, आणि मी खरोखरच डोळे मिटून घालून पाहिलेला होता, पन्नासात पन्नास. काठी मागं नेली तोवर सगळं ठीक होतं. मग मनगट माझं राहिलं नाही. हिसका बसताना मला दिसला, जसा दुसऱ्या कुणाचा हात दिसावा, आणि तो थांबवायला मी तिथं नव्हतो. चेंडू डब्याच्या डाव्या काठाला चाटून पुढं गेला.

डॉक्टर मान तिरकी करून उभे होते. ते अजून वाट बघत होते. मला वाटतं सगळ्यांच्या लक्षात एकदमच आलं की त्यांना आवाजाशिवाय कळायचा दुसरा मार्ग नाही, आणि कुणालाच तोंड उघडवेना.

"वाजलं नाही," शेवटी तेच म्हणाले.

"नाही."

"किती राहिला?"

"चार सेंटिमीटर. डावीकडून पुढं गेला."

रोग्याचा ताप ऐकावा तसं त्यांनी ऐकलं आणि मान डोलावली. मग सावकाश चालत ब्राऊनवर आले. आता पाळी त्यांची होती. चार सेंटिमीटर म्हणजे पट्टीच्या कितीतरी आत, तो मारण्याची गरज नव्हती. कॅप्टननं तोंड उघडलं तसा डॉक्टरांनी हात वर केला. "शेवटचा आहे. मारतो." संधिप्रकाशात त्यांना पायाशीही दिसत नव्हतं. मी खाली बसलो, त्यांच्या पटरचं तोंड धरून चेंडूमागं टेकवलं आणि हात काढून घेतला. त्यांनी मनगट जरासं हलवलं. टण्ण.

"माफ करा" हे दोन शब्द मी दिवसभरात दोनदा वापरले होते. या वेळी ते निघालेच नाहीत.

फटक्यांचं कार्ड माझ्याकडे होतं. ते दोन्ही जोडीदारांनी सही करून पंचांकडे द्यायचं असतं. मी खोलीच्या पायरीवर बसून नवव्या भोकापुढं पाच लिहिले, खाली बेरीज मांडली, दोनदा ताडून पाहिली. लिहिताना हात स्थिर होता.

"किती?" डॉक्टरांनी विचारलं.

"अठ्ठेचाळीस."

"त्यांचे सत्तेचाळीस?"

"हो."

"बरोबर आहे. कुठं सही करू?"

मी त्यांच्या बोटात पेन दिलं आणि त्यांचं बोट धरून कागदाच्या खालच्या ओळीवर टेकवलं. त्यांची सही लांबलचक होती, औषधाच्या चिठ्ठ्यांवर करून करून सैल झालेली. ती ओळ सोडून वर चढली आणि माझ्या बेरजेवरून पलीकडे गेली.

कॅप्टन मागून बघत होता. "नवं कार्ड आणू का, सर?" त्यानं विचारलं.

मी कार्ड उजेडाकडे धरून पाहिलं. सहीच्या रेघांखालून चार आणि आठ दिसत होते.

"नको," मी म्हणालो. "आकडा वाचता येतोय."